रानात एकटे असताना

(शेतात, रानात, बागेत माणसाला अनेकदा एकट्यानेच काम करावे लागते. अशा वेळी इजा झाली तर काय करावे? मदत कशी मिळवावी? आणि अशी वेळ येऊच नये म्हणून आधी कोणती काळजी घ्यावी? या प्रश्नांची उत्तरे प्रस्तुत पाठात एका घडलेल्या प्रसंगाच्या आधारे दिली आहेत.)

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी खेड्यात राहतात, तर कोणी मालेगाव, भिवंडी, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांत. पण शहरातल्या मुलांनाही गाव परके नाही. सुट्टीत तुम्ही नानीच्या गावी जाता. तिथे कोणी शेळ्या राखायला जाते, कोणी सरपण आणते, कोणी मामूबरोबर मोट्यावर, म्हणजे विहिरीवरच्या मोटारीपाशी, जाऊन बसते. शेतात काम करणारा माणूस पुष्कळदा एकटा असतो. कारखान्यात एखाद्याचे बोट कापले, तर शेजारचा माणूस लगेच धावून येतो. रानात शेजारी कोण असतो? एखादे बाभळीचे झाड, नाहीतर एखादा बगळा!

म्हणून एकट्याने काम करताना दोन गोष्टी शिकायला हव्यात. पहिली, इजा होऊ न देणे. दुसरी, इजा झालीच तर आपली खबर माणसांपर्यंत पोहोचवणे. मला या दोन्ही गोष्टी उशिरा कळल्या. कशा कळल्या, ते आधी सांगतो.

माझे मामू लातूर जिल्ह्यात शेती करतात. २०१६ सालच्या जानेवारी महिन्यातील गोष्ट आहे. जोडून सुट्टी आली म्हणून मी त्यांच्या गावी गेलो होतो. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. गव्हाला पाणी द्यायचे होते. मामू रात्री जेवून निघाले. जाताना मुमानीला म्हणाले, “विहिरीच्या रानात जातो. फज्रच्या आधी परत येईन.”

रात्री दोनच्या सुमारास गव्हाचे पाणी संपले. वीज अजून होती. मामूंच्या मनात आले, ‘आता वीज आहेच, तर ओढ्याकाठच्या हरभऱ्यालाही पाणी देऊन टाकू.’ ते ओढ्याकाठच्या शेताकडे गेले. ओढा ओलांडताना दगडावरून त्यांचा पाय घसरला. बॅटरी पाण्यात पडली. डाव्या पायाची नळी मोडली. त्यांना उठता येईना.

मोबाइल कुठे होता? बाभळीला टांगलेल्या पिशवीत! बाभूळ अवघी वीस पावलांवर होती. पण मोडक्या पायाने वीस पावले म्हणजे वीस मैल. मामूंनी हाका मारल्या. ऐकायला कोणी नव्हते. थंडी मी म्हणत होती आणि धोतर भिजले होते.

इकडे पहाट झाली. मुमानीने नमाज पढली, चूल पेटवली, चहा ठेवला. मामू आले नाहीत. ‘पाणी द्यायला वेळ लागला असेल,’ असे तिला वाटले. सात वाजता तिने माझ्या मामेभावाला विहिरीच्या रानात पाठवले. तिथे मोटार बंद होती आणि मामू नव्हते. त्याने हॉटेलात पाहिले, मशिदीत पाहिले, सोसायटीत पाहिले. ओढ्याकडे जाण्याचे कोणाच्याही मनात आले नाही. कारण मामू तर ‘विहिरीच्या रानात’ गेले होते!

शेवटी नऊच्या सुमारास शेळ्या राखणारी एक म्हातारी घाईघाईने घरी आली. ती म्हणाली, “ओढ्यात कोणीतरी लोखंड वाजवतंय. तीनदा वाजतं, मग थांबतं, पुन्हा तीनदा वाजतं.” आम्ही धावलो. मामू ओढ्याच्या कडेला पडलेल्या लोखंडी पाइपावर दगड आपटत होते. ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता; पण हात थांबला नव्हता. त्या म्हातारीच्या कानांनी मामूंचा जीव वाचवला.

आता पुढची गोष्ट सांगताना मला आजही लाज वाटते. त्या वेळी मी नुकताच बी.एड. होऊन शिक्षक झालो होतो. मुलांना विज्ञानाच्या पुस्तकातील ‘प्रथमोपचार’ हा धडा मी शिकवलाही होता. पण प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मी काय केले? मामेभावाने मोटारसायकल आणली. आम्ही मामूंना उचलून मध्ये बसवले. मी त्यांना धरून मागे बसलो. चार किलोमीटर खडकाळ वाट होती. मामूंचा मोडलेला पाय लोंबकळत होता. प्रत्येक खड्ड्याला ते “या अल्लाह!” म्हणत होते. १०८ या क्रमांकावर फोन करावा, हे आम्हाला सुचलेच नाही.

आम्ही त्यांना उचलले तेव्हा पायाचे कातडे फाटलेले नव्हते. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा हाडाचे टोक कातडे फाडून बाहेर आले होते. डॉक्टर मला म्हणाले, “हाड मोडले ते दगडावर. जखम झाली ती मोटारसायकलवर.” जखमेत जंतू शिरले. दोन शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. मामू पाच महिने अंथरुणावर होते. एक म्हैस विकावी लागली. आजही मामू लंगडत चालतात. ते कधी मला दोष देत नाहीत. पण ते चालताना दिसले की डॉक्टरांचे वाक्य मला आठवते.

या प्रसंगातून काय शिकायचे ते आता क्रमाने पाहू.

सांगून जा, आणि बेत बदलला तरी सांगा

मामूंनी घरी सांगितले होते. तरीही ते सापडायला साडेसहा तास लागले. का? कारण त्यांनी बेत बदलला आणि तो कळवला नाही. म्हणून सांगून जाताना चार गोष्टी सांगाव्यात : कुठे जातो, काय काम करणार, केव्हा परत येणार, आणि तोपर्यंत आलो नाही तर काय करायचे. शेवटची गोष्ट आपण सहसा सांगत नाही. “सहा वाजेपर्यंत आलो नाही तर फोन कर. फोन उचलला नाही तर लगेच माणूस पाठव,” असे ठरलेले असले, तर घरची माणसे ‘येईल थोड्या वेळाने’ म्हणत बसत नाहीत. बेत बदलला तर एक फोन करावा. रात्री कोणाला उठवणे नको वाटत असेल, तर ‘एक मिस्ड कॉल म्हणजे सर्व ठीक’ अशी खूण ठरवावी.

मदतीचे साधन अंगावर ठेवा

पिशवीत ठेवलेला मोबाइल पिशवीच्या कामाचा, आपल्या कामाचा नाही. मोबाइल खिशात किंवा कंबरेला असावा. तो भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावा. घरून निघताना त्याची बॅटरी भरलेली असावी. आपल्या शिवारात कोणत्या बांधावर रेंज मिळते आणि कुठे मिळत नाही, हे आधीच पाहून ठेवावे. आपल्या कंपनीची रेंज नसेल, तरी ११२ हा क्रमांक लावून पाहावा. जवळपास दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क असेल, तर हा आपत्कालीन फोन त्यावरून लागू शकतो.

गळ्यात एक शिटी असावी. शिटीला रेंज लागत नाही आणि तिची बॅटरीही संपत नाही. माणसाचा घसा थोड्या वेळात बसतो. पण शिटी वाजवायला फक्त श्वास लागतो. डोंगरात फिरणाऱ्या लोकांमध्ये मदतीची एक खूण प्रचलित आहे. एका मिनिटात सहा वेळा शिटी वाजवायची, मग एक मिनिट थांबायचे, आणि पुन्हा सहा वेळा वाजवायची. रात्री हीच खूण बॅटरीच्या उजेडाने करतात. ऐकणाऱ्याने मिनिटात तीन वेळा शिटी वाजवून उत्तर द्यायचे. मामूंना ही खूण माहीत नव्हती. तरीही त्यांनी ठरावीक वेळा वाजवून थांबण्याची युक्ती केली. त्यामुळेच म्हातारीला कळले, की हा वाऱ्याचा आवाज नाही, माणूस बोलावतो आहे.

शिटीशिवाय पाण्याची बाटली, काठी, बॅटरी आणि एक मोठा स्वच्छ रुमाल जवळ ठेवावा. रुमाल पट्टी म्हणून उपयोगी पडतो. रात्री रानात जाताना पायांत बूट असावेत.

इजा झाल्यावर पहिले मिनिट

इजा झाली की माणूस घाबरतो आणि उठून धावू लागतो. तसे करू नये. प्रथम स्वतःला धोक्यापासून दूर करावे. यंत्र चालू असेल तर बंद करावे. मग खाली बसावे, सावकाश श्वास घ्यावा आणि पाहावे : रक्त किती वाहते आहे? हातपाय हलतात का? चक्कर येते का? चक्कर येत असेल तर आडवे पडावे. त्यानंतर लगेच फोन करावा. ‘आधी थोडे बरे वाटू दे, मग करू’ असे म्हणू नये. पुढे शुद्ध हरपली तर फोन कोण करणार?

रक्तस्राव : विळा, कोयता किंवा कडबा कापण्याचे यंत्र लागून रक्त वाहू लागले, तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून ते हाताने घट्ट दाबून धरावे. कापड भिजले तर ते काढू नये. त्याच्यावरच दुसरे कापड ठेवून दाबत राहावे. शक्य असल्यास जखमी हात वर उचलून धरावा. जखमेत काही रुतले असेल तर ते उपटून काढू नये. माती, तंबाखू, चुना, रॉकेल यांपैकी काहीही जखमेला लावू नये. बोट तुटून पडले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळावे आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालावे. ती पिशवी बर्फावर ठेवून सोबत न्यावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे.

मोडलेले हाड : हाड मोडले असेल तर तो भाग हलवू नये आणि ओढून सरळ करू नये. मदतीला माणसे आली की दोन सरळ काठ्या घ्याव्यात. पायाची नळी मोडली असेल तर काठ्या मांडीपासून टाचेच्या खालपर्यंत पोहोचतील एवढ्या लांब असाव्यात. काठ्या आणि पाय यांच्यामध्ये कापडाच्या घड्या घालाव्यात. मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली बांधावे. नेमके मोडलेल्या जागेवर बांधू नये. बांधल्यावर पायाची बोटे गार पडत असतील किंवा मुंग्या येत असतील, तर गाठी सैल कराव्यात. मग जखमी माणसाला बाजेवर निजवून रस्त्यापर्यंत न्यावे. बाज प्रत्येक घरी असते. आमच्याही घरी होती! झाडावरून पडून मान किंवा पाठ दुखावली असेल, तर जीवाला धोका असल्याशिवाय माणसाला जागचा हलवू नये. रुग्णवाहिकेची वाट पाहावी.

वीज : मोटारीचा स्टार्टर उघडण्यापूर्वी वरचा मुख्य स्विच बंद करावा. ओल्या हातांनी आणि अनवाणी पायांनी स्टार्टरला हात लावू नये. दुरुस्तीचे काम अंधारात एकट्याने कधीही करू नये, वायरमनला बोलवावे. कोणी विजेला चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नये. आधी वीज बंद करावी. स्विच दूर असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे. शेतात तुटून पडलेली तार दिसली तर तिच्या जवळही जाऊ नये. ती ‘मेलेली’ आहे असे समजू नये.

औषध फवारणी : २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. हे विष केवळ तोंडातूनच नव्हे, तर श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जाते. म्हणून नाकातोंडावर मास्क, हातांत मोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नये. उपाशीपोटी फवारू नये. मळमळ, डोकेदुखी, अंधारी किंवा फार घाम येऊ लागला, तर काम तत्काळ थांबवावे. कपडे बदलावेत, साबणाने अंग धुवावे आणि दवाखाना गाठावा. औषधाच्या डब्यावरचे लेबल डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत न्यावे.

साप आणि विंचू

रानातील सर्वांत मोठी भीती सापाची. ती खोटी नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केला. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार! त्यांत बहुतेक खेड्यांतील माणसे होती. पुष्कळांना वेळेवर योग्य इलाज मिळाला नाही.

आपल्याकडे मुख्यतः चार साप घातक समजले जातात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चारही सापांच्या विषावर चालणारे एकच औषध आहे. त्याला प्रतिविष म्हणतात. मुंबईच्या परळ भागात १८९९ साली सुरू झालेल्या हाफकिन संस्थेचे नाव तुम्ही ऐकले असेल. महाराष्ट्रात प्रतिविषाच्या कामाशी तिचे नाव जोडलेले आहे. घोड्याच्या शरीरात विषाची थोडी थोडी मात्रा टोचतात. त्याच्या रक्तात विषाशी लढणारे घटक तयार होतात. त्यांपासून हे औषध बनवतात. औषध एकच असल्यामुळे साप मारून किंवा पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. साप पकडायला जाल तर दुसरा दंश होईल.

साप चावला तर काय करावे? शांत राहावे. हातातील अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावे, कारण तो भाग सुजतो. चावलेला हात किंवा पाय शक्य तितका स्थिर ठेवावा. फोन करून मदत बोलवावी. फोन नसेल आणि जवळ कोणीही नसेल, तर धावू नये; सावकाश चालत जवळच्या वस्तीकडे किंवा रस्त्याकडे जावे. चावलेल्या जागेवर ब्लेड मारू नये. तोंडाने विष ओढू नये. दोरी आवळून बांधू नये. त्यामुळे हात किंवा पाय सडू शकतो. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. रुग्णवाहिका मिळत नसेल, तर साप चावलेल्या माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेता येते. पण पाय मोडलेल्या माणसाला तसे नेऊ नये. एकाला जे चालते ते दुसऱ्याला चालत नाही, हे माझ्यासारखे विसरू नका.

विंचवाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ माणसे, विशेषतः मुले, दगावत. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून त्यांच्या लक्षणांचा अभ्यास केला. विंचवाच्या विषाने हृदयावर परिणाम होतो, हे त्यांनी नोंदले. ‘प्राझोसिन’ नावाच्या साध्या गोळीने असे रुग्ण वाचू शकतात, हेही त्यांनी दाखवून दिले. १९८२ साली इंग्लंडमधील ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध साप्ताहिकात त्यांचा लेख आला. २०२२ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ दिली. तेव्हा विंचू चावल्यावर फार घाम आला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर ‘उतरेल थोड्या वेळाने’ म्हणत बसू नका. दवाखान्यात जा.

फोनवर काय सांगावे?

महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेची सेवा मिळते. ती मोफत आहे. ११२ या क्रमांकावर पोलिसांसह सर्व तातडीची मदत मागता येते. पण नुसता फोन लावून भागत नाही. पलीकडच्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळले पाहिजे. आपण घाईत म्हणतो, “आमच्या शेतात या!” त्याला आपले शेत काय ठाऊक? सातबाऱ्यावरचा गट नंबर तलाठ्याला कळतो. रुग्णवाहिकेच्या चालकाला कळत नाही. त्याला गाव, तालुका, फाटा, देऊळ, दर्गा, पूल किंवा विजेची डी.पी. अशा खुणा सांगाव्या लागतात. हे संभाषण वाचा :

“हॅलो, आम्हाला रुग्णवाहिका हवी आहे.”

“कोणाला काय झाले आहे?”

“माझे अब्बा झाडावरून पडले. वय पंचेचाळीस. शुद्धीवर आहेत. उजवा पाय मोडला आहे. रक्त वाहत नाही.”

“तुम्ही कुठे आहात?”

“आधी गाव आणि तालुका लिहून घ्या.” (येथे मुलगा गाव व तालुका सांगतो.) “गावाच्या फाट्यापासून आत दोन किलोमीटर. डाव्या हाताला पाण्याची टाकी लागते. टाकीच्या पुढे कच्चा रस्ता आहे. माझा भाऊ फाट्यावर लाल रुमाल घेऊन उभा राहील.”

“तुमचा फोन नंबर सांगा. आणि फोन चालू ठेवा.”

पाहा, या मुलाने रडत वेळ घालवला नाही. त्याने पाच गोष्टी सांगितल्या : कोणाला, काय झाले, आता स्थिती कशी आहे, जागा कोणती आणि वाट दाखवायला कोण उभे राहणार. समोरच्या माणसाने ‘ठेवा’ म्हटल्याशिवाय फोन ठेवू नये. रात्र असेल तर फाट्यावरच्या माणसाने बॅटरी हलवत राहावे.

मित्रांनो, तुम्ही उर्दू शाळेत शिकता. ‘मदत’, ‘जखम’, ‘खबर’, ‘इलाज’, ‘दवाखाना’ हे मराठी शब्द वाचताना तुम्हाला ते ओळखीचे वाटले असतील. उर्दूत जी मदद, ती मराठीत ‘मदत’ आणि उर्दूत जो ज़ख़्म, ती मराठीत ‘जखम’. संकटाच्या वेळी लागणारे इतके शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत. तेव्हा मराठीत फोनवर बोलायला संकोचू नका. वाक्य चुकले तरी चालेल. जागा चुकू नये.

मामूंच्या घरी आता दाराच्या आड एक काळी पाटी टांगलेली आहे. ती मी माझ्या पहिल्या पगारवाढीनंतर त्यांना नेऊन दिली. रानात जाणारा प्रत्येक जण तिच्यावर खडूने लिहून जातो : कुठे आणि केव्हापर्यंत. मुमानी शाळेत गेली नाही. पण तिने विहिरीसाठी एक गोल आणि ओढ्यासाठी एक वेडीवाकडी रेघ ठरवली आहे. मामूंच्या गळ्यात शिटी असते. गावातील पोरे त्यांना ‘रेफरी’ म्हणून चिडवतात. मामू हसतात आणि म्हणतात, “चिडवा रे! पण वाजली की धावत या.”

आज घरी गेल्यावर तुम्हीही एक काम करा. घरातले कोण कोण एकटे कामाला जाते ते विचारा. ते परत आले नाहीत, तर त्यांना नेमके कुठे शोधायचे, हे तुम्हाला सांगता येते का ते पाहा. सांगता येत नसेल तर आजच ठरवा.

शब्दार्थ

सरपण – जळणाची लाकडे
शिवार – गावाच्या हद्दीतील शेतजमीन
पायाची नळी – गुडघ्याखालचे हाड
थंडी मी म्हणणे – कडाक्याची थंडी पडणे
बाज – दोरीने विणलेली खाट
दगावणे – मरण पावणे
धनुर्वात – जखमेतून होणारा एक गंभीर रोग
प्रतिविष – विषाचा परिणाम नाहीसा करणारे औषध
फाटा – मुख्य रस्त्यापासून गावाकडे वळणारी वाट

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामूंचा मोबाइल कुठे होता?
(आ) रुग्णवाहिकेसाठी कोणता क्रमांक लावावा?
(इ) साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज का नसते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) घरी सांगून जाऊनही मामू लवकर सापडले नाहीत.
(आ) लेखकाला आजही लाज वाटते.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हाड मोडलेल्या माणसाला कसे न्यावे?
(आ) डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कार्याची माहिती लिहा.

प्र. ४. पाठात आलेले व उर्दूशी नाते असलेले आणखी पाच शब्द शोधा. त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या घरापर्यंत किंवा शेतापर्यंत येण्याची वाट एका अनोळखी माणसाला समजेल अशी पाच वाक्यांत लिहा. ती वर्गात वाचून दाखवा आणि मित्रांना तिचा नकाशा काढायला सांगा.